ब्रिटनमधल्या एअर शोमधली जुनी लढाऊ विमानं: कुठे उभं राहायचं, काय ऐकायचं, कसं टिपायचं

वातकुक्कुट | ३ मे, रात्री ९:१०

ब्रिटनमधला एअर शोंचा मोसम सुरू झालाय. ‘कोणत्या शोला जाऊ’ हा प्रश्न दरवर्षी दहा ठिकाणी विचारला जातो आणि उत्तरं विखुरतात, म्हणून हा एकच धागा काढतोय. आधुनिक जेट आणि रेड ॲरोज (ब्रिटिश हवाई दलाचं जेट कसरतपथक) इथे नकोत. पहिल्या महायुद्धापासून साधारण १९६० पर्यंतच्या, अजून उडत्या लष्करी विमानांपुरतंच बोलू.

माझं ठाम मत आहे की जुनं विमान आकाशात बघण्यासारखं असतं तितकंच, किंबहुना काकणभर जास्तच, जमिनीवर बघण्यासारखं असतं. इंजिन पहिल्यांदा खोकतं, धुराचा लोट मागे जातो, शेपटी डगमगत विमान गवतावरून निघतं, हे सगळं जवळून दिसलं आणि ऐकू आलं पाहिजे. तेव्हा शो निवडताना यादीत किती नावं आहेत हे नंतर बघा. प्रेक्षक आणि विमान यांच्यात अंतर किती आणि धावपट्टी गवताची आहे का, हे आधी बघा.

या दोन कसोट्यांवर पहिला नंबर ओल्ड वॉर्डनचा. बेडफर्डशायरमध्ये, बिगल्सवेड स्टेशनपासून टॅक्सीच्या अंतरावर हा शटलवर्थ संग्रह आहे. धावपट्टी पूर्ण गवताची. प्रात्यक्षिकाची रेषा प्रेक्षकांभोवती वळते, त्यामुळे विमान कलून जाताना पंखांची वरची बाजू दिसते. बाकी बहुतेक ठिकाणी पोटच दिसत राहतं. इथे सोपविथ पप, १९१८ मध्ये प्रत्यक्ष लढलेलं एसई ५ए (एफ ९०४), रोल्स-रॉइस फाल्कन इंजिनाचं ब्रिस्टल फायटर, ग्लॅडिएटर, हॉकर हाइंड, लायसँडर आणि जगातलं एकमेव उडतं सी हरिकेन (झेड ७०१५) आहे.

दुसरं डक्सफर्ड, केंब्रिजजवळ. एम ११ मोटरवेचा जंक्शन १०, किंवा रेल्वेनं व्हिटल्सफर्ड पार्कवे. तिथून साधारण ३ किलोमीटर. डांबरी धावपट्टीला समांतर गवताची पट्टी आहे आणि शेपटीला चाक असलेली बरीच विमानं तीच वापरतात. सप्टेंबरमधला ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ शो हा इथला मुख्य. स्पिटफायरचे थवे, हिस्पानो बुचॉन (जर्मन मेसरश्मिट १०९ ची स्पॅनिश आवृत्ती), बी-१७ बॉम्बर ‘सॅली बी’ आणि जगातलं एकमेव उडतं ब्लेनहाइम बॉम्बर. या ब्लेनहाइमच्या नाकाचा भाग युद्धानंतर कुणीतरी विजेवर चालणारी मोटार म्हणून वापरत होतं. तेच नाक बसवून विमान २०१४ मध्ये पुन्हा उडालं.

जुन्या माहितीवर विसंबू नका. ‘फ्लाइंग लेजंड्स’ २०१९ पर्यंत डक्सफर्डला होत असे, २०२३ मध्ये तो यॉर्कशायरमधल्या चर्च फेंटनला गेला. तुम्ही जाणार त्या वर्षीची तारीख आणि जागा आयोजकांकडूनच पक्की करा.

---

गवताळ | ३ मे, रात्री १०:०२

उत्तम धागा. ‘गवताची धावपट्टी’ या मुद्द्यामागचं कारण सांगतो.

पहिल्या महायुद्धातल्या बहुतेक विमानांना ब्रेक नसतात आणि शेपटीला चाकाऐवजी लाकडी दांडा असतो. गवतावर तो दांडा घासतो, वेग कमी होतो आणि विमान सरळ राहतं. डांबरावर तो घसरतो, झिजतो आणि आडवा वारा आला की विमान वाऱ्याच्या दिशेला तोंड फिरवतं. थांबवायला काही हाताशी नसतं. त्यामुळे ही विमानं वाऱ्याला सामोरीच उडवायची आणि उतरवायची असतात, आणि रुंद गवताळ मैदानावर तसा कोन साधता येतो.

स्पिटफायरचं दुखणं वेगळं. तिची चाकं पंखाच्या मुळापासून बाहेरच्या बाजूला दुमडतात, म्हणून उभी असताना दोन चाकांतलं अंतर कमी. हरिकेनची चाकं बाहेरून आत दुमडतात, म्हणून अंतर जास्त आणि चाल भक्कम. दोघींना लांबून ओळखायचं असेल तर चाकं आत जाताना बघा, चूक होणार नाही.

स्पिटफायरचं नाक इतकं उंच असतं की जमिनीवर वैमानिकाला समोरचं काहीच दिसत नाही. ती नागमोडी चालते ती यासाठी: नाक डावीकडे वळवायचं, उजवीकडून बघायचं, मग उलट. ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, त्यांची मूठ विमान वळवायच्या काठीवरच असते. तो जोरात दाबला तर शेपटी उचलली जाते, पंख्याची पाती जमिनीला लागतात. पाती लाकडी असली तर तुटून जातात, पण तरीही इंजिनाला बसलेला झटका तपासल्याशिवाय विमान पुन्हा उडवत नाहीत. मोसम हातचा जाऊ शकतो.

---

मुळामुठा | ४ मे, सकाळी ७:४०

एक शंका. स्पिटफायरचं इंजिन सुरू झालं की लगेच निघायची घाई दिसते, पण हरिकेन निवांत उभं असतं. इंजिन तर दोघांचं मर्लिनच ना?

---

रॅडियल_नऊ | ४ मे, सकाळी ८:२५

इंजिन एकच, रेडिएटरची जागा वेगळी. हरिकेनचा रेडिएटर पोटाखाली मधोमध आहे, पंख्याची हवा थेट त्यावर येते. स्पिटफायरचा रेडिएटर उजव्या पंखाखाली, पंख्याच्या झोताच्या कडेला. त्यातून चाकं खाली असताना चाकाचा पाय त्याच्या तोंडासमोर येतो. जमिनीवर हवा मिळत नाही, कूलंट तापत जातं. समोर दुसरं विमान उतरत असेल आणि थांबावं लागलं, तर तापमानाचा काटा चढताना बघत बसणं किंवा इंजिन बंद करणं एवढंच वैमानिकाच्या हातात उरतं. म्हणून चांगल्या शोमध्ये स्पिटफायर सुरू करण्याचा क्रम मिनिटांत आखलेला असतो.

---

वातकुक्कुट | ४ मे, सकाळी ९:००

एक दुरुस्ती. उजव्या पंखाखाली रेडिएटर आणि डाव्याखाली फक्त ऑइल कूलर, ही रचना मार्क (म्हणजे आवृत्ती) एक, दोन आणि पाचची. मार्क नऊपासून दोन टप्प्यांचा सुपरचार्जर असलेलं मर्लिन आलं आणि दोन्ही पंखांखाली सारखे दिसणारे मोठे रेडिएटर बसले. तापण्याचा त्रास तिथेही आहेच. पण ओळखायला ही खूण पक्की: खालून बघताना दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तर मार्क नऊ किंवा नंतरची. पात्यांवरूनही कळतं. पाचपर्यंत बहुधा तीन पाती, नऊला चार, ग्रिफन इंजिनाच्या चौदा आणि एकोणीसला पाच.

---

रॅडियल_नऊ | ४ मे, सकाळी ९:३०

बरोबर, मी सरसकट लिहिलं. धन्यवाद.

इंजिन सुरू होताना काय बघायचं ते सांगतो. उड्डाणांआधी कुंपणाशी जाऊन उभं राहावं ते यासाठीच.

मर्लिनला आधी हातपंपानं थोडं पेट्रोल सिलिंडरकडे ढकलावं लागतं. गार इंजिनाला जास्त वेळा, नुकतंच उडून आलेल्याला एखादाच किंवा नाहीच. कमी पडलं तर इंजिन एकदोनदा फुसफुसून थांबतं. जास्त झालं तर उरलेलं पेट्रोल एक्झॉस्टच्या नळ्यांत पेटतं आणि ज्वाळा दिसतात. अशा वेळी इंजिन फिरतं ठेवायचं असतं, म्हणजे ज्वाळा विझते. बाजूला अग्निशामक घेऊन माणूस उभा असतो तो शोभेसाठी नव्हे.

हार्वर्ड, कॅटलिना, बी-१७ यांची इंजिनं रॅडियल, म्हणजे सिलिंडर वर्तुळात मांडलेले. विमान उभं असताना तेल झिरपून खालच्या सिलिंडरमध्ये साठतं. तेल दाबलं जात नाही. तशात स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी दोघंतिघं मिळून पंखा हातानं सावकाश फिरवतात. मध्येच पंखा अडला तर जोर लावायचा नाही. खालचे स्पार्क प्लग काढून तेल काढून टाकायचं. सुरू होताना निळसर पांढऱ्या धुराचा जो ढग येतो, तो त्याच उरलेल्या तेलाचा. तो बिघाड नव्हे.

पपचं ८० अश्वशक्तीचं ल रोन इंजिन रोटरी आहे: पंख्यासोबत अख्खं इंजिनच गरगर फिरतं. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँककेसमधून जातं, त्यामुळे पेट्रोलमध्ये न विरघळणारं तेल लागतं. ते आपलं एरंडेल. खनिज तेल असतं तर पेट्रोलनं धुऊन नेलं असतं. एरंडेल एकदा वापरलं की एक्झॉस्टवाटे बाहेर, परत टाकीत येत नाही. वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभं राहिलात तर जळक्या एरंडेलाचा वास ओळखता येईल. उतरताना इंजिन थांबून थांबून ऐकू येतं, कारण वैमानिक काठीवरचं बटण दाबून ठिणगी तोडत असतो.

ओल्ड वॉर्डनला हक्स स्टार्टर चालवून दाखवतात तेव्हा आवर्जून बघा. फोर्ड मॉडेल टीच्या गाडीवर एक लांब दांडा, तो पंख्याच्या मध्यावर अडकवायचा आणि गाडीच्या इंजिनानं विमानाचं इंजिन फिरवायचं.

---

तिरपा_प्रकाश | ४ मे, रात्री ८:१५

फोटोंबद्दल लिहितो. सगळ्यात जास्त फोटो एकाच चुकीनं वाया जातात: शटर स्पीड फार वेगवान ठेवणं. १/१००० ला पंखा गोठतो आणि विमान दोरीला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं.

हिशेब असा. मर्लिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर गिअरमुळे पंखा त्याच्या ०.४७७ पट फिरतो, म्हणजे मिनिटाला साधारण ११४५, सेकंदाला १९. अंशांत सेकंदाला सुमारे ६,८७०.
१/१००० ला पातं ७ अंश सरकतं. गोठलेलं.
१/२५० ला २७ अंश. बरं.
१/१२५ ला ५५ अंश. छान.
पूर्ण तबकडी हवी असेल तर तीन पात्यांना १२० अंश लागतात, म्हणजे साधारण १/६०. चार पात्यांना ९० अंश, म्हणजे १/८० च्या आत. पाच पात्यांच्या ग्रिफनला १/९० लाही जमतं. पपच्या दोन पात्यांना १८० अंश हवेत, तिथे १/४० च्या आसपास जावं लागतं.

जमिनीवर चालताना इंजिन हजाराच्या आसपास असतं, पंखा सेकंदाला फक्त ८ फेरे. तिथे १/१२५ ला २३ अंशच मिळतात, म्हणून १/६० वर या. बरेच जण हवेतलाच वेग जमिनीवर तसाच ठेवतात आणि मग पंखा थांबलेला दिसतो. जेटला पंखाच नाही, तिथे खुशाल १/१००० वर जा.

मंद शटरची किंमत म्हणजे हात हलल्यानं येणारा धूसरपणा. पाय खांद्याइतके फाकवा, पावलं विमान जिकडे *जाणार* तिकडे ठेवा आणि कमरेतून मागे वळून ते येण्याआधीच पकडा. म्हणजे ते समोर येताना शरीर सैल होत जातं. बटण दाबल्यावर थांबू नका, फिरत राहा. लेन्सचं स्थिरीकरण फक्त उभी हालचाल थोपवणाऱ्या पद्धतीवर ठेवा. १/३२० पासून सुरू करा, हात बसला की २५०, मग १६०, मग १२५.

लख्ख उन्हात १/१२५ आणि आयएसओ १०० ला अ‍ॅपर्चर एफ १४-१६ पर्यंत बंद होतं. चित्र मऊ पडतं आणि सेन्सरवरची धूळ आकाशात ठिपक्यांसारखी दिसते. दोन स्टॉपचा एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर लावला की एफ ८ ला येता. ढगाळ आकाशात विमान काळं ठिक्कर येतं, तिथे एक्स्पोजर +०.७ ते +१.३ करा.

लेन्स किती? पूर्ण फ्रेम कॅमेऱ्यावर ४०० मिमी लावून १५० मीटरवर साडेतेरा मीटर रुंदी मावते. स्पिटफायर नऊ मीटर लांब, म्हणजे दोन तृतीयांश चौकट भरते. तीच २३० मीटरवर निम्म्याहून कमी भरते. चार इंजिनांचं बॉम्बर लँकेस्टर २१ मीटर लांब आहे, त्याला २३० मीटरवर २८० मिमी पुरे. त्यामुळे १००-४०० हा सगळ्यात कामाचा झूम.

डक्सफर्डचा एक पेच: प्रेक्षक धावपट्टीच्या उत्तरेला, तोंड दक्षिणेला. दुपारभर सूर्य समोर. म्हणून दुपार कलल्यावर पश्चिमेच्या टोकाकडे सरका आणि पूर्वेकडे बघत टिपा. ओल्ड वॉर्डनला संध्याकाळचा शो निवडा. उन्हाळ्यात भर दुपारी धावपट्टीवरून उठणारी गरम हवा चित्र वितळवते. ते लेन्सचं फोकस चुकलेलं नसतं, दुरुस्तीला नेऊ नका. जवळ आल्यावरच टिपा.

---

मुळामुठा | ५ मे, सकाळी ७:१०

हा प्रतिसाद वेगळा साठवून ठेवला. आता आवाजाबद्दल कुणीतरी लिहा. डोळे मिटून ओळखता येतात का ही विमानं?

---

कानसेन_उत्तर | ५ मे, दुपारी १:२०

येतात, थोड्या सवयीनं.

मर्लिन गुळगुळीत, एकसंध गुरगुरतं. ग्रिफन ३६.७ लिटरचं (मर्लिन २७), आवाज जाड आणि खरखरीत. ग्रिफनचा पंखा उलट दिशेला फिरतो, त्यामुळे मर्लिनची स्पिटफायर उड्डाणात डावीकडे ओढते, ग्रिफनची उजवीकडे. दोन्ही उडवणाऱ्याला हे दर वेळी लक्षात ठेवावं लागतं.

सी फ्युरीचं सेंटॉरस १८ सिलिंडरचं आहे आणि त्यात नेहमीच्या व्हॉल्व्हऐवजी सरकत्या नळ्या आहेत. खटखट नाही, एक खोल घोष येतो. एवढं बलाढ्य विमान इतकं शांत येतं याचं प्रत्येक वेळी नवल वाटतं.

लँकेस्टरची चार मर्लिन तंतोतंत एका वेगानं फिरत नाहीत, म्हणून आवाज लाटांनी येतो-जातो. तानपुऱ्याच्या तारा जवळजवळ जुळल्यात, पण पूर्ण जुळल्या नाहीत, तेव्हा ऐकू येतं तसंच हे.

सगळ्यात कर्कश मात्र हार्वर्ड, प्रशिक्षणाचं साधं विमान. त्याच्या इंजिनाला गिअर नाही. उड्डाणाला पंखा सरळ २२५० फेऱ्यांनी फिरतो, व्यास २.७४ मीटर, म्हणजे पात्याचं टोक सेकंदाला सुमारे ३२३ मीटर वेगानं जातं. ध्वनीचा वेग ३४०. ते किंचाळणं पात्यांच्या टोकांचं आहे, इंजिनाचं नव्हे. स्पिटफायरचा पंखा त्याहून मोठा, पण गिअरमुळे टोकाचा वेग २४६ च्या आसपासच राहतो, म्हणून तिथे एक्झॉस्ट ऐकू येतो.

निवेदकाच्या भोंग्यापासून दूर उभे राहा. भोंग्याखाली हे काहीच ऐकू येत नाही.

---

सह्यकडा | ५ मे, रात्री ९:४५

व्हल्कन कुठे बघायला मिळेल? आणि हंटर, नॅट?

---

वातकुक्कुट | ५ मे, रात्री १०:३०

व्हल्कन हे जेट बॉम्बर आता उडत नाही. शेवटचं एक्सएच ५५८ ऑक्टोबर २०१५ मध्ये उडालं. ज्या कंपन्यांच्या तांत्रिक हमीवर उडण्याची परवानगी टिकून होती, त्यांनी पाठिंबा थांबवायचं ठरवलं, कारण ते ज्ञान असलेली माणसं निवृत्त होत होती. वेल्सबोर्नचं एक्सएम ६५५ आणि साउथएंडचं एक्सएल ४२६ स्वयंसेवकांनी जपलंय.

हंटरबद्दल: २२ ऑगस्ट २०१५ ला शोरहॅमच्या शोमध्ये हंटर हे जुनं लढाऊ जेट रस्त्यावर कोसळून ११ जण गेले. त्यानंतर नागरी उड्डाण प्राधिकरणानं प्रात्यक्षिकांचे नियम कडक केले आणि जमिनीवरच्या शोमध्ये जुन्या लष्करी जेटना कसरतींऐवजी साध्या फेऱ्यांपुरतं मर्यादित केलं. प्रेक्षकांपासूनची अंतरंही वाढली. काही जुने शो त्यामुळे बंद पडले, तरी हे नियम योग्यच आहेत. मेलेले लोक शोच्या मैदानाबाहेर, रस्त्यावर होते.

आपण ज्याला १९६५ च्या युद्धातलं म्हणून ओळखतो ते नॅट एकाआसनी. ब्रिटनमध्ये उडतात ती दोनआसनी प्रशिक्षणाची, नॉर्थ वील्डला.

---

गवताळ | ६ मे, सकाळी ८:००

भारताचं नाव निघालंच आहे तर: हरिकेन आर ४११८ बघितल्याशिवाय परतू नका. १९४० मध्ये ६०५ स्क्वाड्रनकडून क्रॉयडनहून ते प्रत्यक्ष लढलं. १९४३ च्या शेवटी प्रशिक्षणासाठी भारतात पाठवलं गेलं आणि पुढे बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात उघड्यावर पडून राहिलं. १९८२ मध्ये तिथे दिसलं, परवानग्या मिळवून २००१ मध्ये ब्रिटनला नेलं, डिसेंबर २००४ मध्ये पुन्हा उडालं. डक्सफर्डची ग्रिफन स्पिटफायर एमव्ही २९३ भारतीय हवाई दलाकडूनच गेलेली. सायवेलला दुरुस्त होऊन २०२३ मध्ये उडालेलं टेम्पेस्ट दोन, तेही. आपल्याकडच्या कोपऱ्यांत ही विमानं भंगारात न जाता टिकली, म्हणून आज तिथे उडतायत. उलटा प्रवासही आहे: भारतीय हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यातलं डकोटा ‘परशुराम’ ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८ मध्ये उडत हिंडनला आलं.

---

मुळामुठा | ६ मे, सकाळी ९:१५

लँकेस्टर यादीत असूनही आलं नाही असं अनेकदा वाचलंय, तेही स्वच्छ उन्हाच्या दिवशी. असं का?

---

रॅडियल_नऊ | ६ मे, सकाळी १०:०५

कारण ते तुमच्या शोमध्ये मुक्कामाला नसतं. रॉयल एअर फोर्सचा स्मारक ताफा लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबीहून उडतो आणि एका दिवसात तीनचार ठिकाणी फेऱ्या मारून परततो. तुमच्याकडे ऊन असेल, पण कॉनिंग्सबीला धावपट्टीवर वारा आडवा असेल, किंवा वाटेत ढग खाली असतील, तर ताफा निघतच नाही. लँकेस्टर पीए ४७४ जगातल्या दोन उडत्यांपैकी एक, दुसरं कॅनडात. कुणीही जोखीम घेणार नाही आणि घेऊही नये. त्या दिवशी लिंकनशायरचा वारा बघा, आपल्या गावचा नव्हे. एका लँकेस्टरसाठी लांबचं तिकीट काढू नका.

विमानतळाचं संभाषण ऐकायला रेडिओ घेऊन जायचा विचार असेल तर लक्षात ठेवा: ब्रिटनमध्ये आपल्यासाठी नसलेलं प्रसारण मुद्दाम ऐकणं २००६ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानं गुन्हा आहे. कुंपणाशी अनेकांच्या हातात रिसीव्हर दिसतील, तरी कायदा तोच.

---

तिरपा_प्रकाश | ६ मे, रात्री ८:४०

ओल्ड वॉर्डनच्या संध्याकाळच्या शोबद्दल एक राहिलंच. यादीच्या शेवटी ‘हवामान अनुकूल असल्यास’ असं लिहिलेलं असतं. ती १९०९ चं ब्लेरियो, १९१० चं देपर्दुसाँ आणि बॉक्सकाइटची प्रतिकृती. लष्करी नव्हेत, पण लष्करी विमानं जिथून सुरू झाली ती हीच. वारा जवळजवळ पडल्याशिवाय यांना बाहेर काढत नाहीत. पहिल्या दोघांत पंख पिळून वळायचं, इंजिन सगळ्यांचंच जेमतेम, जरा झुळूक आली तर सावरायला ताकदच नाही. ब्लेरियो तर धावपट्टीवरच सरळ रेषेत, माणसाच्या डोक्याहून थोडं उंच उडून पुन्हा टेकतं.

पार्किंगमधली गर्दी टाळायला लोक आठच्या सुमारास निघायला लागतात. निघू नका. वाऱ्याची पिशवी खांबाला लोंबकळायला लागली की हँगरच्या दाराकडे लक्ष ठेवा. कॅमेरा १/६० वर आणा, आयएसओ ४०० करा, आणि घडीची खुर्ची व स्वेटर सोबत असू द्या. सूर्य कलला की जूनमध्येही गवतावर गारठा येतो.